मॅनेजर हट्टी की टीम भंगार? आधी जोड्या मोजा

माझ्या हाताखाली चौदा वर्षांखालच्या फुटबॉल टीममध्ये खेळलेली दोन पोरं आता पुण्यात एका फ्लॅटवर राहतात. एक मँचेस्टर युनायटेडचा, दुसरा आर्सेनलचा. दोघांची मिसळीची पैज लागली आणि निवाडा माझ्याकडं आला. प्रश्न असा: ‘सर, मॅनेजरनं आपल्या पद्धतीला चिकटून राहावं, का हातात जी पोरं आहेत त्यांच्याप्रमाणे पद्धत बदलावी? आमोरिमनं युनायटेडमध्ये आल्या आल्या तीन बॅक (मागचे बचावपटू) लावले आणि टीम पंधराव्या नंबरावर गेली, ही चूक त्याची का टीमची? आणि टीम बांधतात म्हणजे नेमकं करतात काय?’ युनायटेडवाल्याचं म्हणणं, टीमच भंगार होती, कुणीही आला असता तरी तेच झालं असतं. आर्सेनलवाल्याचं म्हणणं, माणूस हट्टी.

मी एकोणीस वर्षं कोल्हापुरात पोरांना शिकवतोय. त्याआधी पेठेच्या टीमकडून स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळायचो; शाहू स्टेडियमवर एक गुडघा ठेवून आलोय. युरोपातल्या मॅनेजरांचं काम मीही तुमच्यासारखंच रात्री जागून टीव्हीवर बघतो. पण अकरा माणसं एकत्र खेळवताना जी भानगड होते ती इकडं तिकडं सारखीच. तिकडं पैसा जास्त आणि चिखल कमी, एवढाच फरक.

आधी मागं किती, मध्ये किती, पुढं किती हे मांडणीचे आकडे बाजूला ठेवा. ४-३-३, ३-४-३, ४-२-३-१ म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. फोटोपुरते सगळे आपापल्या जागी उभे असतात, नंतर कोण पंगतीत, कोण पार्किंगमध्ये, कोण नवऱ्याच्या खोलीत. रेफरीची शिट्टी वाजली की तीन मिनिटांत त्या आकड्यांचं तेच होतं. तुम्ही दोघं ज्या ३-४-३ वरून भांडताय, त्याच ३-४-३ नं एका टीमला ९३ गुण दिलेत. त्याकडं येतो.

मी मॅच बघताना जोड्या बघतो. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, आणि त्याच्या पुढचा विंगर, कडेनं हल्ला करणारा. दोन स्टॉपर. मधले दोघे. स्टॉपर आणि गोलकीपर. कुठल्याही टीममध्ये अशा सहा-सात जोड्या असतात आणि मॅच त्यांच्यावर चालते. जोडीत एकाचं उणं दुसऱ्यानं झाकायचं असतं. विंगर परत येत नसेल तर मागं दोघांचं पळणारा बॅक लागतो. बॅक सारखा वर जात असेल तर त्याच्या बाजूचा स्टॉपर वेगवान लागतो. स्टॉपर जड असतील तर एक तर त्यांना खाली उभं करा, नाहीतर पेनल्टी बॉक्सच्या बाहेर येऊन बॉल मारणारा गोलकीपर आणा. ज्याला तुम्ही मॅनेजरचं तत्त्वज्ञान म्हणता, त्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच: कुठल्या जोडीशिवाय याचं पान हलत नाही?

हे मला पुस्तकातनं कळलं नाही, थोबाडीत बसून कळलं. सोळा वर्षांखालची टीम होती माझ्याकडं. डावीकडं एकाच गल्लीतली दोन पोरं. मागचा बुटका, वेग बेताचा, डोकं थंड. पुढचा वाऱ्यासारखा, पण एकदा वर गेला की खाली यायचं नाव नाही. दोघांचं बरं चाललं होतं, म्हणून माझं तिकडं लक्षच नव्हतं. मग दुसऱ्या गावाहून एक लेफ्ट बॅक आला. उंच, डावखुरा, पळायला घोडा. कुठल्याही कसोटीवर बुटक्यापेक्षा सरस. मी बुटक्याला बाकावर बसवलं. पहिल्याच मॅचला नवा पोरगा दर वेळी वर जायचा, विंगर तर वर असायचाच. दोघं एकाच चुन्याच्या रेषेवर एकामागं एक उभे आणि पाठीमागं सगळं रान मोकळं. ४-१ नं हरलो, त्यातले तीन गोल त्याच कोपऱ्यातनं आले. मध्यंतराला मी नव्या पोराला लाखोली वाहिली.

संध्याकाळी बुटका सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत निघाला. म्हणाला, ‘सर, तो हाकेनं येत नाही. शिट्टीनं येतो.’ तेव्हा कळलं. गल्लीत खेळताना ह्यांची खूण ठरलेली. एक शिट्टी म्हणजे खाली ये, दोन म्हणजे जा, मी आहे. दोन वर्षं ही पोरं माझ्या डोळ्यांसमोर शिट्ट्या मारत होती (एकदा रेफरीनं तंबीही दिली होती म्हणे) आणि मी ते टवाळपण समजत होतो. मी एक चांगला बॅक आणला आणि चालू असलेली एक बाजू मोडली.

इंग्लंडच्या लेस्टर सिटीचं उदाहरण सगळे देतात, पण जिद्द आणि स्वप्न सांगायला देतात. २०१५-१६ चं ते लीग जिंकलेलं लेस्टर जोड्यांच्या नजरेनं बघा. मागं मॉर्गन आणि हूट, अंगानं दांडगे, वळायला ट्रक. म्हणून मॅनेजर रानिएरीनं त्यांना बॉक्सच्या तोंडावर उभं केलं, पाठीमागं पळायला जागाच ठेवली नाही. मध्ये कान्टे आणि ड्रिंकवॉटर. कान्टे बॉल हिसकावणार, ड्रिंकवॉटरला देणार आणि ड्रिंकवॉटर तो फार विचार न करता बॅकांच्या डोक्यावरनं टाकणार, कारण सगळ्यात पुढचा वार्डी तिकडं पळत असणार हे त्याला ठाऊक. वार्डी १० लाख पौंडांना फ्लीटवूड टाउनकडून आणलेला, विंगर मारेझ ५ लाखांच्या आत ल आव्रकडून. ८१ गुण, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त. (आर्सेनलवाल्या, सॉरी.)

त्या उन्हाळ्यात बिनीच्या अकरातला एकच माणूस गेला. कान्टे, चेल्सीला. बाकी मॉर्गन, हूट, ड्रिंकवॉटर, मारेझ, वार्डी जागेवर. मॅनेजर तोच, ४-४-२ तेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरीला घरी पाठवलं, लीग जिंकून नऊ महिने झाले होते. शेवटी टीम बारावी. चॅम्पियन्स लीगच्या मॅचेस होत्या, पोटं भरली होती, कारणं अनेक. तरी मी त्या मोसमात जेवढी लेस्टर बघितली त्यात हेच दिसलं: ड्रिंकवॉटरला आता बॉल स्वतः हिसकावायला लागत होता, आणि मॉर्गन-हूटच्या समोर पूर्वी नसायची तेवढी जागा उघडी पडत होती. एक जोडी तुटली आणि शेजारची जोडी उघडी पडली.

आता तो कान्टे जिथं गेला तिथं जाऊ, कारण आमोरिमचा सगळा खटला तिथंच उभा राहतो. २०१६ मध्ये कॉन्टे (हा मॅनेजर, खेळाडू कान्टे वेगळा) चेल्सीत आला तेव्हा त्यानं चार बॅक लावून सुरुवात केली. २४ सप्टेंबरला आर्सेनलनं मध्यंतरापर्यंतच ३-० केलं. दुसऱ्या डावात कॉन्टेनं फॅब्रेगासला काढून आलोन्सोला आत घेतलं आणि तीन बॅकांवर गेला. पुढच्या मॅचपासून तेच. सलग तेरा लीग सामने जिंकले, शेवटी ९३ गुण आणि लीग.

लोक म्हणतात, बघा, कॉन्टे लवचीक होता, म्हणून जिंकला. अहो, तीन बॅक ही तर त्याची स्वतःची पद्धत! युव्हेंटसमध्ये तीच, इटलीच्या टीममध्ये तीच. चेल्सीत पाहुण्यासारखा चार बॅक लावून बसला होता, मार बसल्यावर आपल्या घरी परतला. म्हणजे ह्या घटनेला हट्टही म्हणता येतं आणि लवचीकपणाही. म्हणून ह्या दोन शब्दांवर माझा फार भरवसा नाही.

पण घरी परतल्यावर घरात भांडी होती, हा मुद्दा. उजवीकडं व्हिक्टर मोझेस, जन्मभर विंगर, आदल्या मोसमात वेस्ट हॅमला उधार दिलेला. त्याला विंगबॅक, म्हणजे कडेनं वर-खाली दोन्हीकडं पळणारा, करायचं तर मागं कोण? अस्पिलिक्वेटा. मूळचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बॅक, तो तीनातला उजवा स्टॉपर झाला आणि त्या मोसमात लीगमधलं एकही मिनिट बाहेर बसला नाही. मोझेस वर गेला की त्याची जागा फुलबॅकसारखीच झाकायची त्याला सवयच होती. डावीकडं आलोन्सो रेषेला धरून पळायचा, म्हणून त्याच्या पुढच्या हझार्डला खाली यायची कटकट उरली नाही. आणि मध्ये कान्टे आणि माटिच. ३-४-३ मध्ये मध्ये दोघंच असतात. समोरच्या टीमचे बहुतेक वेळा तीन. हा हिशेब दोनांत तीन बसवायचा आहे. एका बाजूनं कान्टे असेल तर तो बसतो, कारण तो एकटा दीड माणसाचं पळतो.

दोन वर्षांनी सारी नावाचा मॅनेजर चेल्सीत आला, त्यानं नापोलीहून जॉर्जिन्योला आणलं, मध्ये बसवलं आणि कान्टेला उजवीकडं सरकवलं. जगभर बोंब उठली. मला ते तेवढं वेडेपण वाटलं नाही. सारीला जी जोडी हवी होती ती जॉर्जिन्यो आणि मागचा डेव्हिड लुईझ यांची होती, तिथनं त्याचा खेळ सुरू व्हायचा. कान्टे त्याच्या पद्धतीत पाहुणा होता. लीगमध्ये तिसरा नंबर आणि बाकूतल्या फायनलमध्ये युरोपा लीगचा चषक, ४-१, तेही आर्सेनलला हरवून. काही वाईट मोसम नव्हता. पण स्टेडियमला तो आवडला नाही आणि वर्षभरात गेला.

आमोरिमकडं येतो. स्पोर्टिंग ह्या क्लबला तो मार्च २०२० मध्ये गेला आणि पुढच्याच मोसमात एकोणीस वर्षांनी त्यांना पोर्तुगालची लीग मिळवून दिली. तिथं त्याचे विंगबॅक कोण? पोरो आणि नुनो मेंडिस. मध्ये पालिन्या आणि जोआव मारिओ, एक तोडणारा आणि एक जोडणारा. पुढं माणसं विकली गेली, पण क्लबनं जोडी मोडली की जोडीचाच माणूस शोधला. २०२३-२४ ला पुन्हा लीग घेतली तेव्हा मध्ये ह्युलमांड आणि मोरिता. माणसं बदलली, खाचा त्याच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तो युनायटेडला आला. मोसम संपल्यावर येतो असं त्याचं म्हणणं होतं, क्लबला ते चाललं नाही, हे त्यानंच सांगितलं होतं. आता त्या ड्रेसिंग रूममध्ये कोण कोण बसलं होतं ते बघा. ल्यूक शॉ व्हॅन गाल मॅनेजर असताना आलेला. लिंडेलॉफ आणि डालो मोरिन्योच्या. मग्वायर आणि ब्रुनो सोल्शारच्या. कासेमिरो, मार्टिनेझ, ओनाना, माउंट, होयलुंड टेन हागच्या. एका मॅनेजरला पुढं प्रेस करणारे, म्हणजे समोरच्याला बॉल मिळताच अंगावर जाणारे, हवे होते, एकाला खाली बसून पलटवार करणारे, एकाला पायात बॉल खेळणारा गोलकीपर. प्रत्येकानं आपल्या जोडीचा निम्मा माणूस आणला आणि उरलेला निम्मा यायच्या आत त्याची नोकरी गेली. युनायटेडवाल्या, तुझी टीम भंगार नव्हती रे. जुन्या बाजारात गेल्यासारखी होती. प्रत्येक वस्तू चांगल्या कंपनीची, पण कुठल्याच नटाला कुठलाच बोल्ट बसत नाही.

यातही एक गोष्ट मला आमोरिमच्या विरोधात मांडायची आहे. उगार्ते हा स्पोर्टिंगचा त्याचाच जुना पोरगा त्याला युनायटेडमध्ये तयार मिळाला होता. त्याच्या शेजारचा नव्हता. तिथं कधी कासेमिरो, कधी कोबी मेनू, आणि बऱ्याच वेळा ब्रुनो. ब्रुनोला तुम्ही रविवारी बघा. पास जोखमीचा टाकतो, बरेच चुकतात, पण एखाद्यातनं गोल होतो. असला माणूस समोरच्यांच्या गोलपासून पंचवीस यार्डांवर पाहिजे, कारण तिथं बॉल गेला तरी पाठीमागं आठ जण असतात. त्याला मधल्या दोनांत बसवलं की तोच पास आता स्वतःच्या अर्ध्यात चुकतो आणि पाठीमागं तिघंच. त्यातला एक स्टॉपर पुढं आला नाही तर मध्ये दोनाला तीन, आला तर मागं खड्डा. २०२४-२५ ला युनायटेड ४२ गुणांवर पंधरावी आली आणि १८ मॅचेस हरली, त्यातल्या किती गोलांची सुरुवात ह्या खड्ड्यातनं झाली ते जुने हायलाइट्स काढून मोजा. मी मोजायला बसलो होतो, तिसऱ्या मॅचनंतर बायकोनं टीव्ही बंद केला.

सरावाचाही हिशेब आहे, तो फॅनला दिसत नाही. माझ्याकडं आठवड्याला चार दिवस सराव असतो. नवीन जोडी बसायला मला सहा ते आठ आठवडे लागतात. काय करतो? मैदानाच्या कडेला शंकू लावून एक अरुंद पट्टा काढतो, त्यात दोघांविरुद्ध दोघं. शंभर वेळा, दोनशे वेळा. हा वर गेला की तो थांबला, तो आत आला की हा बाहेर. सुरुवातीला दोघं एकमेकांकडं बघतात, मग ओरडतात, मग गप्प होतात. गप्प झाले की जोडी बसली असं मी समजतो. युनायटेड त्या वर्षी गुरुवारी युरोपा लीग आणि रविवारी लीग खेळत होती. शुक्रवार पाय मोकळे करण्यात, शनिवारी हलका सराव, मधले दोन दिवस प्रवास आणि विश्रांती. पट्ट्यात दोनशे वेळा कधी करणार? म्हणून मोसमाच्या मध्यात संपूर्ण पद्धत बदलणं मला पटलं नाही. प्री-सीझनची वाट बघून तोवर चार बॅकांवर गाडी ढकलली असती तरी चाललं असतं.

आणि नंतर क्लबनं काय केलं? फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला लेचेहून डोर्गू हा डावा विंगबॅक आणला, ती खरेदी जोडी समजून केलेली. पण २०२५ च्या उन्हाळ्यातला मोठा पैसा कुन्या, एम्बेउमो आणि शेश्को ह्या पुढच्या तिघांवर आणि लामेन्स ह्या गोलकीपरवर गेला. मधला माणूस आलाच नाही. जिथं भोक होतं ते सोडून बाकी सगळ्या घराला रंग.

हट्टी म्हणाल तर गार्डिओलाएवढा हट्टी कुणी नाही, पण त्याचा हट्ट बघायचा कसा हे शिकण्यासारखं आहे. २०१६-१७ ला मँचेस्टर सिटीत पहिल्या वर्षी त्याला काहीच मिळालं नाही. तिसरा नंबर, ७८ गुण. झाबालेटा, सान्या, क्लिशी, कोलारोव हे चारही फुलबॅक तिशी ओलांडलेले. उन्हाळ्यात चारही बाहेर. वॉकर, दानिलो, मेंडी आत, शिवाय गोलकीपर एडरसन. लोक हसले, की बॅकांवर कुणी एवढा पैसा टाकतं का. सप्टेंबर संपायच्या आत मेंडीचा गुडघा गेला. आता इथं बघा: दुसरा मेंडी शोधत बसला नाही. फेबियन डेल्फ नावाच्या मिडफिल्डरला लेफ्ट बॅक केला आणि रेषेनं पळवायच्या ऐवजी आत मध्ये बोलावला, फर्नांडिन्योच्या शेजारी. डावी बाजू सानेला एकट्याला मोकळी. मोसमअखेर १०० गुण. मेंडी असता तर जोडी वेगळी झाली असती, डेल्फ आला तर वेगळी झाली. पण बॉल आपल्याकडं असताना मध्ये समोरच्यापेक्षा एक माणूस जास्त पाहिजे, ह्या अटीला त्यानं हात लावला नाही. २०२२-२३ ला तीन चषक जिंकले तेव्हा तेच काम स्टोन्स हा स्टॉपर करत होता. डेल्फ गेला, स्टोन्स आला, अट तिथंच.

आता आर्सेनलवाल्या, तुझ्याकडं वळतो, तू फार गालात हसत असशील. मार्च २०२३ आठव. लीगमध्ये तुम्ही वर. मागं सलीबा आणि गॅब्रिएल, ही मला गेल्या काही वर्षांत बघायला सगळ्यात आवडलेली स्टॉपरची जोडी. एक थंड, एक अंगावर जाणारा. १६ मार्चला युरोपा लीगमध्ये सलीबा जखमी होऊन बाहेर गेला, तो मोसमात परत आलाच नाही. होल्डिंग आत आला. होल्डिंग वाईट नव्हता, पण सलीबाच्या भरवशावर गॅब्रिएल जी दहा पावलं पुढं यायचा ती आता टाकता येईनात, मग मधले खाली सरकले, मग पुढचे एकटे पडले. लिव्हरपूलशी २-२, वेस्ट हॅमशी २-२, साउथॅम्प्टनशी ३-३, सिटीकडून ४-१. लीग पाच गुणांनी गेली. त्या मोसमात तुमच्या मॅनेजरचं, आर्तेताचं, तत्त्वज्ञान तीळभरही बदललं नव्हतं. आणि १६ मार्चला समोर कोणती टीम होती, ज्यांनी पेनल्टीवर तुम्हाला बाहेर काढलं? स्पोर्टिंग. बाकावर कोण उभा होता? आमोरिम. तेव्हा तू मला मेसेज केला होतास, ‘सर, हा कोच भारी आहे.’ फोन बदलला असलास तरी माझ्याकडं आहे तो मेसेज.

टीम बांधणं म्हणजे काय, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बघायला इंग्लंडला जायची गरज नाही, गोव्यातल्या फातोर्डाला जा. बार्सिलोनाच्या अकादमीत तयार झालेला कोच सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवात आला. पायापायातनं खेळायचं, मागनं सुरुवात करायची, गोवेकरांना आवडेल असं. म्हापशाचा मंदार राव देसाई तेव्हा डावा विंगर होता. लोबेरानं त्याला खाली लेफ्ट बॅक केला. गावात ओरड झाली असणार, चांगला विंगर वाया घालवला म्हणून. पण मंदारला बॉल घेऊन पुढं पळता यायचं, आणि ती धाव वीस यार्ड खालनं सुरू झाली की समोरच्याला त्याला पकडायला बाहेर यावं लागायचं. मध्ये अहमद जाहू, मोरोक्कोचा. उभ्या उभ्या चाळीस यार्डांचा पास पायाशी आणून ठेवणारा. मागं मुर्तदा फाल, सेट-पीसला, म्हणजे कॉर्नर नाहीतर फ्री-किकला, वर जाऊन डोकं लावणारा. पुढं ह्युगो बुमूस.

२०१९-२० ची इंडियन सुपर लीगची शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची ढाल) गोव्यानं घेतली, पण मोसम संपायच्या आतच लोबेराला निरोप दिला होता, शेवटच्या मॅचेस क्लिफर्ड मिरांडानं सांभाळल्या. लोबेरा मुंबई सिटीला आला आणि येताना काय घेऊन आला? जाहू, फाल, बुमूस आणि मंदार. नुसते चार चांगले खेळाडू म्हणून बघू नका. मागचा आणि मधला, मधला आणि पुढचा, डावीकडनं पळणारा आणि त्याला पास टाकणारा. जोड्याच उचलून आणल्या. त्या वर्षी कोविडमुळं सगळी लीग गोव्यातच, बंद दाराआड झाली, तयारीला वेळ बेताचा. दुसऱ्या कुणाला त्यात नवी पद्धत बसवता आली नसती. ह्याची बसलेलीच होती. मुंबईनं शील्डही घेतली आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्डाच्याच मैदानावर एटीके मोहन बागानला फायनलमध्ये २-१ हरवून कपही, बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलवर. गोव्याच्या भिंतीतल्या विटांनी मुंबईचं घर उभं राहिलं आणि वास्तुशांती गोव्यात झाली. म्हापशाच्या माझ्या एका मित्राला हे वाक्य ऐकवलं तर तो अजून फोन ठेवून देतो.

म्हणून मला विचाराल खरेदी कशी करावी, तर आधी अट लिहून काढा, एक किंवा दोन, जास्त नकोत. मग ती अट पाळायला कुठल्या जोड्या लागतात ते मांडा आणि त्यातल्या अर्ध्या भरलेल्या जोड्या आधी पुऱ्या करा, नव्या उघडू नका. बाकावरची माणसंही जोडीनंच ठेवा. सलीबाला पर्याय शोधताना गॅब्रिएलशेजारी कोण उभा राहील हे विचारायचं, जगात चांगला स्टॉपर कोण हे नाही. वयही जोडीतच बघायचं, दोघंही तेहतिशीचे नकोत आणि दोघंही एकोणीसचे तर नकोतच. आणि मॅनेजर निवडताना क्लबनं त्याची मुलाखत घ्यायच्या आधी आपल्याच जोड्या मोजाव्यात. लिव्हरपूलनं हे फार शहाणपणानं केलं होतं: हल सिटी खाली घसरली तेव्हा ८० लाख पौंडांत लेफ्ट बॅक रॉबर्टसन उचलला. त्याच्या पुढं डावीकडं खेळणारा माने आत वळायचा आणि बाहेरची अख्खी डावी बाजू त्याला मोकळी मिळायची. जगानं नंतर त्याला जगातला उत्तम लेफ्ट बॅक म्हटलं. माझ्यासाठी तो आधी मानेचा लेफ्ट बॅक होता.

निवाडा. युनायटेडवाल्या, मिसळ तू द्यायचीस. टीम भंगार होती हे तुझं म्हणणं मी मानत नाही. आणि आमोरिमनं ब्रुनोला मध्ये बसवलं, ते त्यानंच केलं. पण आर्सेनलवाल्यानं हट्टी म्हणून जे कारण दिलंय तेही चुकीचं आहे, त्यामुळं पावाची जादा जोडी, तर्री आणि ताक त्याच्या खिशातनं. आणि मिसळ खायला कोल्हापूरला यायचं, पुण्यातली चालणार नाही. रविवारी सकाळी या. साडेसातला मैदानावर सोळा वर्षांखालची पोरं असतात आणि त्यांना हल्ली तो बुटका शिकवतो. पट्टा मोठ्यांदा ओरडून चालवायची त्याची पद्धत नाही. लांबनंच ऐकू येईल तुम्हाला, एक शिट्टी की दोन.